एका खोलीचे वाढीव बांधकाम: स्पेसिफिकेशन कोणी लिहायचे आणि कशाच्या आधारावर?

प्रश्न : मागची_भिंत

नमस्कार. आमचे घर एकमजली असून सुमारे तीस वर्षांपूर्वी विटांच्या भारवाहक भिंतींवर बांधलेले आहे. वर काँक्रीटचा सपाट स्लॅब आहे, आत कोठेही कॉलम नाहीत. स्वयंपाकघराच्या मागे मोकळी जागा आहे. तेथे आतून ३.६ मीटर बाय ४.५ मीटर मापाची खोली वाढवायची, मधल्या भिंतीत सुमारे २.४ मीटर रुंदीची वाट काढून स्वयंपाकघर व ही खोली सलग करायची आणि पुढे कधी जमल्यास तिच्यावर आणखी एक खोली चढवायची, असा आमचा विचार आहे.

तीन ठेकेदारांना जागा दाखवली. तिघांनीही चौरस फुटाचा दर सांगितला आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त दरांत जवळजवळ दुपटीचे अंतर निघाले. पहिल्याचे म्हणणे असे की, दरात सगळे आले. दुसऱ्याने एका पानावर सिमेंट, सळई, फरशी, रंग अशी यादी लिहून दिली, परंतु पायाविषयी त्या पानावर ‘पाया आवश्यकतेनुसार’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. तिसऱ्याने दर सांगून उलट मलाच विचारले, की तुमचे स्पेसिफिकेशन, म्हणजे कोणते काम कोणत्या साहित्याने व कसे करायचे याचा लेखी तपशील, काय आहे ते द्या, मग मी पक्का दर सांगतो. मला त्याचाच प्रश्न सर्वांत रास्त वाटला, आणि नेमके त्यालाच द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर शोध घेतला तेव्हा काही तयार नमुने मिळाले. एक तर चाळीस पानांचा होता. त्यातले आपल्याला लागू असलेले निवडून, मापे भरून ते तिघांना द्यावे, असे घरात ठरत होते. पण लिफ्टच्या खड्ड्याचे कलम खोडून टाकण्यापलीकडे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे मला कळेना. एवढ्या लहान कामाला आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर असे दोघेही लागतात का? लागत असतील तर आधी कोणाकडे जावे? आणि त्यांच्याकडून नेमके कोणते कागद मागावेत, म्हणजे पैसे देऊन केवळ एक सुबक नकाशा हाती आला असे होणार नाही?

उत्तर : ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, तेव्हा स्वतःच्या धंद्याकडे माझा थोडा कल असणार हे धरूनच पुढचे वाचावे.

तुम्हाला मिळालेला चाळीस पानी नमुना चुकीचा असेलच असे नाही, पण तुमच्या कामात ज्या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे त्या कोणत्याही नमुन्यात असू शकत नाहीत: जुना पाया किती खोल व कशावर टेकलेला आहे, तुम्ही फोडणार असलेल्या भिंतीवर काय काय बसलेले आहे, आणि नवे बांधकाम जुन्याला कसे भेटणार आहे. सिमेंटची प्रत आणि रंगाचे हात हे त्यानंतरचे. म्हणून स्पेसिफिकेशन लिहिण्याआधी जमीन उकरावी लागते, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे.

जुन्या भिंतीला लागून साधारण एक मीटर लांबीचा, माणूस जेमतेम उतरेल एवढा चाचणीचा खड्डा हाताने खणून घ्यावा. पायाचा तळ दिसला की थांबावे, त्याच्या खाली एक फावडेही मारू नये. इंजिनिअर त्या वेळी जागेवर हजर असावा. जमिनीपासून तळ किती खोल आहे, पाया भिंतीच्या बाहेर किती आला आहे, तो दगडाचा आहे की विटांचा, तळाखाली मुरूम आहे, खडक आहे की फुगणारी चिकण माती, आणि तासाभरात खड्ड्यात पाणी पाझरते का, या नोंदी कराव्यात, तसेच टेप धरून छायाचित्रे घ्यावीत. मग त्याच दिवशी थराथराने धुमस करून खड्डा बुजवावा. असे दोन खड्डे पुरतील. त्यांपैकी एक घराच्या कोपऱ्याजवळ असावा.

खड्डा आणखी एक गोष्ट सांगतो, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तीस वर्षांपूर्वी पाया खणताना गवंड्यांना उभे राहायला जागा हवी म्हणून चर पायापेक्षा रुंद काढला गेला असणार आणि नंतर तो जो हाताला लागला त्या राड्यारोड्याने भरला गेला असणार. तुमच्या खोलीच्या बाजूच्या भिंती जुन्या घराला जिथे भेटतील, नेमका तिथे हा भराव असतो. वरची माती टणक दिसते म्हणून दोन फुटांवर पाया घातला, तर नव्या भिंतीचे एक टोक भरावावर आणि दुसरे मूळ जमिनीवर बसते, आणि वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यात तिरपा तडा जातो.

सर्वसाधारण धोरण असे, की जुन्या घराजवळ नव्या पायाचा तळ जुन्याच्या पातळीलाच ठेवावा. जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून खाली ४५ अंशांत एक तिरपी रेषा मनाशी ओढली, तर त्या रेषेच्या खालची माती घराचे वजन तोलत आहे असे समजावे. तिच्याखाली खणणे म्हणजे घराच्या बुडाची माती काढणे. जमिनीमुळे अधिक खोल जावेच लागले, तर चर एकदम सलग न काढता एक-एक मीटरच्या तुकड्यांत, एकाआड एक, आणि तेही इंजिनिअरने क्रम लिहून दिल्यावरच काढावा.

आता जोड. जुने घर जेवढे बसायचे तेवढे केव्हाच बसले आहे. नवी खोली आता बसायला लागेल. दोन्ही घट्ट बांधून टाकली तर ही तफावत कोठेतरी तड्याच्या रूपाने बाहेर पडणारच. खडकावर पाया असेल तर जुन्या भिंतीत छिद्रे पाडून, रसायनाने सळया रोवून दोन्ही एकजीव करता येतात. मातीवर असेल तर २० ते २५ मिलिमीटरची उभी फट पायापासून स्लॅबपर्यंत सलग सोडून नवी खोली स्वतःच्या पायांवर उभी करणे चांगले. याचा दुसरा अर्थ असा, की नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवायचा नाही. ठेकेदार तो टेकवण्याचा सल्ला देतील, कारण त्यात एक बीम आणि दोन कॉलम वाचतात. पुढे वर खोली चढवायची असल्याने तुम्ही तो मोह मुळीच धरू नये. मात्र जुन्या भिंतीलगतच्या कॉलमचा पाया जुन्या पायात घुसू शकत नाही, म्हणून तो कॉलम थोडा मागे घेऊन बीम पुढे काढावा लागतो किंवा दोन पाये पट्टीने जोडावे लागतात. हा निर्णय गवंड्यावर सोडण्यासारखा नाही.

२.४ मीटरच्या वाटेविषयी: भिंतीवर ठोकून ती भारवाहक आहे की नाही हे ठरवणे ही निव्वळ समजूत आहे. तुमच्या घरात कॉलमच नसल्याने ती भारवाहक आहे असेच धरून चालावे. स्लॅबच्या सळया कोणत्या दिशेने आहेत हे यंत्राने किंवा थोडा गिलावा उकरून पाहता येते, त्यावरून भिंतीवर किती भार येतो ते निघते. फोडण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी भिंतीत भोके पाडून आडवे टेकू आरपार घालायचे, ते दोन्ही बाजूंनी उभ्या जॅकवर घ्यायचे, मग खालचे बांधकाम काढून बीम बसवायचा, बीमची दोन्ही टोके विटांवर थेट न टेकवता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्यायची, बीम व वरची भिंत यांच्यातली फट कोरड्या मसाल्याने ठासून भरायची, आणि तो मसाला घट्ट झाल्यावरच टेकू काढायचे. ही शेवटची पायरी घाईत टाळली जाते. बीम कितीही भक्कम असला तरी वरची भिंत त्याच्यावर येऊन बसेपर्यंत खाली सरकते.

थोडक्यात, इंजिनिअरकडून तुम्हाला पायाचा नकाशा, कॉलम-बीम-स्लॅबचे सळयांसह तपशील, सळया कापण्या-वाकवण्याची यादी आणि भिंत फोडण्याचा लेखी क्रम मिळायला हवा. शिवाय भेटी: पायाचा चर उघडा असताना एक, प्रत्येक काँक्रीटच्या आधी सळया बांधून झाल्यावर एक, आणि टेकू लावल्यावर भिंत फोडण्यापूर्वी एक. भेटी करारात मोजून लिहाव्यात. केवळ नकाशा देऊन मोकळा होणारा इंजिनिअर स्वस्त पडतो खरा, पण नकाशाप्रमाणे सळई पडली की नाही हे मग कोणालाच ठाऊक नसते.

उत्तर : जुनी_खिडकी

मी व्यावसायिक नाही, पण नेमके असेच काम करून बसले आहे, म्हणून लिहिते.

आम्ही आर्किटेक्टचे पैसे वाचवले. ठेकेदाराने नकाशा फुकट काढून दिला होता, आणि तो दिसायलाही बरा होता. पाया भरून झाल्यावर कळले की मलवाहिनीचा चेंबर नव्या खोलीच्या बरोबर मधोमध येतो आहे. नकाशात चेंबर नव्हता, कारण तो दाखवा असे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हालाही त्याची आठवण नव्हती. वर मातीचा थर आणि कुंड्या होत्या. ठेकेदाराचा उपाय असा, की चेंबरवर झाकण घट्ट बसवून वरून फरशी करू. आम्ही नाही म्हटले, तेव्हा चेंबर बाहेर हलवण्याचे काम ‘जादा’ या सदरात गेले. त्याला इलाज नव्हता, कारण आमच्या कागदावर जुन्या वाहिन्यांविषयी एक शब्दही नव्हता. तुम्ही खड्डा खणाल त्याच दिवशी सगळे चेंबर, पाण्याची नळी, जमिनीतली केबल आणि अर्थिंगचा खड्डा शोधून एका कागदावर भिंतीपासूनच्या अंतरांसह काढून ठेवा.

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागली, कारण ती दुरुस्त होत नाही. माझ्या टोपणनावातली खिडकी तीच. नवी खोली जोडल्यावर जुन्या खोलीची एकुलती एक खिडकी नव्या खोलीत उघडू लागली. कागदावर त्या जागी भिंतीतली एक फट दिसते, तिचे पुढे काय होणार हे आम्हाला दिसले नाही. आता त्या खोलीत दुपारी बारा वाजताही दिवा लागतो आणि भांड्यांचा वास तिथेच कोंडून राहतो. एखाद्या आर्किटेक्टने पहिल्याच भेटीत विचारले असते, की मधल्या खोलीला उजेड कोठून येणार? तुमच्याकडे स्वयंपाकघर मधले होणार आहे. वाट २.४ मीटर रुंद असली तरी त्यात उजेड नव्या खोलीतून गाळूनच येईल, आणि धूर बाहेर काढणारा पंखा आज ज्या भिंतीत आहे ती भिंत उद्या बाहेरची राहणार नाही. हा प्रश्न मांडणी पक्की होण्याआधी सोडवा.

तेव्हा दोघे लागतात का, याचे माझे उत्तर असे, की आर्किटेक्टचे पूर्ण काम परवडत नसेल तर किमान दोन-तीन बैठकांचे शुल्क देऊन मांडणीपुरता सल्ला तरी घ्या. आम्ही जे वाचवले त्याहून जास्त त्या चेंबरने नेले.

उत्तर : मोजणी_वही

निविदा आणि मोजमाप हे माझे रोजचे काम आहे. ओळंबा यांनी लिहिलेल्या गोष्टी झाल्याशिवाय स्पेसिफिकेशन लिहिणे व्यर्थ आहे, याच्याशी मी सहमत आहे. मी फक्त त्यापुढचे लिहितो.

आधी ते दुपटीचे अंतर. तिघांनी कोणत्या क्षेत्रफळावर दर सांगितला हे तुम्ही विचारले आहे का? तुमची खोली आतून ३.६ बाय ४.५ मीटर, म्हणजे १६.२ चौरस मीटर. ती ४.५ मीटर मागे जाते आणि जुन्या घराची भिंत एका बाजूला आहे असे धरले, तर तीन बाजूंच्या २३० मिलिमीटर भिंतींसह बाहेरून क्षेत्रफळ सुमारे १९.२ चौरस मीटर होते. स्लॅब त्याच तीन बाजूंनी ६०० मिलिमीटर बाहेर काढला, तर स्लॅबचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर भरते. खोली तीच, पण एक जण आतली जागा मोजतो, दुसरा भिंती धरून मोजतो, तिसरा छज्ज्यासकट स्लॅब मोजतो, आणि पहिल्या व तिसऱ्या मापात पावणेदोनपटीच्या जवळ जाणारा फरक पडतो. ज्याचा दर सर्वांत कमी आहे त्याची एकूण रक्कम सर्वांत जास्त निघाली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणून चौरस फुटाचा दर बाजूला ठेवून बाबनिहाय यादी करावी: खोदाई व पाया घनमीटरमध्ये, सळई किलोत, वीटकाम व गिलावा आपापल्या मापात. मोजमापाची यादी तुमच्या बाजूच्या माणसाने करावी आणि तिन्ही ठेकेदारांनी फक्त दर भरावेत. पायाच्या बाबतीत ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ असे लिहावे, कारण जमिनीत काय निघेल हे खड्ड्यानंतरही पूर्ण कळत नाही, आणि ती जोखीम ठेकेदारावर टाकली तर तो तिची किंमत आधीच लावून ठेवतो.

आता कलमे कशी असावीत. ‘काँक्रीट चांगल्या प्रतीचे असावे’ या वाक्याने काहीच बांधले जात नाही. त्याऐवजी असे लिहावे: काँक्रीट एम २५, म्हणजे १५० मिलिमीटरच्या ठोकळ्याची २८ दिवसांनंतरची दाबशक्ती २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर; पाणी व सिमेंट यांचे वजनी गुणोत्तर ०.५ पेक्षा अधिक नसावे. प्रत्येक टप्प्याच्या काँक्रीटचे ठोकळे भरून ठेकेदाराने स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. यातल्या पाण्याच्या कलमावर लक्ष ठेवणे तुम्हालाही जमेल. ०.५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त २५ लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही धरायचे. मिक्सरवरचा माणूस नळी सोडून ‘माल पळायला हवा’ म्हणू लागला, की तुमचे एम २५ त्या नळीतून वाहून चालले आहे असे समजा. ओल्या वाळूची आणखी एक गंमत आहे: ती मापात पाव हिश्शापर्यंत फुगते, त्यामुळे मापाची पेटी भरून टाकली तरी वाळू कमीच पडते. म्हणून मिश्रण शक्य तर वजनाने करावे.

सळईवरचे आवरण, म्हणजे सळई व काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधली काँक्रीटची जाडी, हे कलम बहुतेक घरगुती करारांत नसतेच, आणि पुढे स्लॅबच्या खालून गंजलेली सळई डोकावते ती त्यामुळेच. पायाला ५०, कॉलमला ४०, बीमला २५ व स्लॅबला २० मिलिमीटर असे कमीत कमी आवरण लिहावे, आणि ते काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांवर घ्यावे, खडीच्या तुकड्यांवर नव्हे, हेही लिहावे. पाणी मारण्याची मुदत साध्या सिमेंटला किमान ७ व राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, स्लॅबवर आळी करून आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून. सेंट्रिंग काढण्याच्या मुदती इंजिनिअरने नकाशावरच लिहाव्यात.

‘किंवा समतुल्य’ हे दोन शब्द जिथे दिसतील तिथे पुढे ‘मालकाच्या लेखी संमतीने’ एवढे जोडावे. खिडक्या, फरशी, वायर यांच्याबाबत नाव, जाडी आणि माप तिन्ही हवीत. वीज, नळ, रंग ही कलमे नमुन्यातून घेतली तरी चालतील; फक्त जुन्या मुख्य पेटीला नव्या खोलीचा भार झेपतो का, हे वीजकाम करणाऱ्याकडून आधी तपासून घ्यावे. जमिनीची ओल अडवणारा थर जुन्या व नव्या भिंतीत एकाच पातळीला हवा, नाहीतर ओल नव्या बाजूने चढून जुन्या भिंतीत शिरते.

शुल्काविषयी माझे मत असे, की लहान कामात बांधकामखर्चाच्या टक्केवारीवर सल्लागार नेमू नये. खर्च वाढला की त्याचे शुल्क वाढते, ही व्यवस्था कोणाच्याच स्वभावाची परीक्षा पाहण्यासारखी नाही. टप्प्यांनुसार ठरीव रक्कम बरी: पाहणी व अहवाल, परवानगीचे नकाशे, कामाचे नकाशे व स्पेसिफिकेशन, आणि मोजून ठरवलेल्या भेटी. परवानगीसाठी दाखल केलेला नकाशा हा कामाचा नकाशा नसतो. त्यात खोली किती मोठी हे कळते, ती कशी उभी राहणार हे कळत नाही. ठेकेदाराच्या बिलातून ५ टक्के रक्कम राखून ती निदान एक पावसाळा जाऊन गळती-तडे पाहिल्यावर द्यावी, आणि जादा कामाचा दर काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरल्याशिवाय त्याचे पैसे मिळणार नाहीत, असे कलम घालावे. जुनी_खिडकी यांच्या चेंबरचा दर निदान वाद न होता ठरला असता.

मागची_भिंत

सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदारांना विचारले. पहिला छज्ज्यासकट स्लॅबवर मोजतो, दुसरा भिंती धरून, आणि तिसरा आतल्या जागेवर. आकडे एका मापावर आणल्यावर सर्वांत महाग वाटणारा तिसरा मधला ठरला.

काल एका इंजिनिअरच्या समोर दोन खड्डे खणले. जुना पाया दगडी आहे, तळ जमिनीपासून १.०५ मीटरवर, आणि तो भिंतीच्या बाहेर सुमारे २०० मिलिमीटर आला आहे. तळाखाली कठीण मुरूम लागला, पाणी नाही. ओळंबा यांनी म्हटल्याप्रमाणे भिंतीपासून साठ सेंटिमीटरपर्यंत विटांचे तुकडे मिसळलेला सैल भराव निघाला. पहार सहज आत जात होती. त्यापलीकडे जमीन टणक आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिरपा, केसाएवढा एक जुना तडाही दिसला. त्यावर इंजिनिअरने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवली आहे.

आता एकच मतभेद उरला आहे. इंजिनिअर फट सोडा म्हणतात. तिसरा ठेकेदार म्हणतो, की मुरूम कठीण असताना फट कशाला, सळया रोवून जोडून घेऊ. फटीतून पाणी येतेच. त्याचा पाण्याचा मुद्दा मला खोडता आला नाही.

ओळंबा

कठीण मुरमावर त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, आणि वरची खोली कधीच होणार नसती तर मीही कदाचित सळया मान्य केल्या असत्या. पण तुम्ही पुढे मजला चढवणार आहात. तेव्हा नव्या पायावर एकाएकी जवळजवळ दुप्पट भार येईल आणि शेजारच्या जुन्या पायावर काहीच नाही. त्या दिवशी हालचाल थोडीच झाली तरी ती रोवलेल्या सळयांनी जुनी वीटभिंत ओढूनच होईल. शिवाय नवा स्लॅब उन्हाने रोज थोडा लांबतो-आखडतो, तेही जुन्या भिंतीला सोसावे लागेल. म्हणून फट. नव्या कॉलमचे पाये भराव पूर्ण काढून त्याच १.०५ मीटरवरच्या मुरमावर घ्यावेत, आणि दोन मजल्यांचा भार धरूनच त्यांचे माप काढावे. काच तडकली तर काम सुरू करण्यापूर्वी जुन्या भिंतीचा विचार आधी करावा लागेल. दोन-तीन महिने ती शाबूत राहिली तर तो तडा निवलेला आहे असे बहुधा म्हणता येईल.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर तोंडी न देता नकाशात द्यावे लागते. फटीच्या दोन्ही कडांना स्लॅबवर १५० मिलिमीटर उंचीच्या काँक्रीटच्या पाळ्या उचलून घ्यायच्या, दोन्ही गच्च्यांचा उतार फटीपासून दूर न्यायचा, स्लॅब व पाळी यांच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई (वाटा) करून वॉटरप्रूफिंग पाळ्यांवर वरपर्यंत चढवायचे, आणि वरून पत्र्याची टोपी बसवायची जी एकाच बाजूच्या पाळीला स्क्रूने पक्की असेल व दुसऱ्या बाजूवर नुसती झुकलेली असेल. दोन्ही बाजूंनी पक्की केली, की पहिल्याच हालचालीत स्क्रूभोवती भोके मोठी होतात आणि ठेकेदार म्हणतो ते पाणी येते. उभ्या फटीत दबणारा फोम भरून बाहेरून लवचिक सीलंट मारायचे. तिथे सिमेंटचा मसाला कोणी भरणार नाही याकडे तुम्ही स्वतः उभे राहून लक्ष द्या, कारण फट दिसली की ती बुजवणे हा गवंड्याच्या हाताचा स्वभाव आहे.

आणि हीच फट तुमच्या २.४ मीटरच्या वाटेत फरशीखालूनही जाणार आहे. तिच्यावरून एक अख्खी फरशी आडवी टाकली तर ती तिथेच फुटेल. नवी व जुनी फरशी फटीवरच थांबवून वर उंबऱ्यासारखी पट्टी घ्यावी आणि तीही एकाच बाजूला चिकटवावी.

मागची_भिंत

टोपी आणि पट्टी, दोन्ही एका बाजूने मोकळ्या, असा स्वतंत्र तपशील मोठ्या मापावर काढून द्यायला इंजिनिअरना सांगितले आहे. तो नकाशा आल्यावरच तिघांना बाबनिहाय यादी पाठवते.